ओली रेघ

तांदूळ भिजवून, वाटून, पाण्यात कालवून जो पांढरा रंग होतो, त्याची रेघ गेरूने सारवलेल्या भिंतीवर ओढली तर ती लगेच पांढरी दिसत नाही. ओली असताना ती मातकट, जवळजवळ भिंतीच्याच रंगाची असते. पाणी उडत जाते तशी ती उजळत जाते आणि पुरती वाळली की लख्ख पांढरी होते. वारली चित्र काढणाऱ्याच्या हे इतके अंगवळणी पडलेले असते की त्यात सांगण्यासारखे काही आहे असे त्याच्या मनातही येत नाही. पण हेच काम जपानमधल्या एखाद्या वर्गाला व्हिडिओ कॉलवर दाखवायचे ठरले की ही साधी गोष्ट एकदम मोठी होते. पलीकडच्या मुलांना पहिली काही मिनिटे तपकिरी कागद आणि त्यावरून फिरणारा हात एवढेच दिसते. इकडचे शिक्षक गडबडतात आणि आदल्या दिवशी पूर्ण करून ठेवलेले चित्र घाईघाईने कॅमेऱ्यापुढे धरतात. तिकडून टाळ्या येतात. रेघ वाळताना पाहण्याची, ‘हे मघाशी का दिसत नव्हते?’ असे विचारण्याची दोन्ही वर्गांची संधी मात्र हातची जाते.

ही पुस्तिका त्या संधीसाठी आहे. २०२०च्या टाळेबंदीनंतर व्हिडिओ कॉल शाळांच्या ओळखीचा झाला, आणि परदेशातल्या वर्गाबरोबर चित्रांची देवाणघेवाण करणे ही आता केवळ मोठ्या शहरांतल्या महागड्या शाळांची मिरास राहिलेली नाही. एक बऱ्यापैकी फोन आणि तासभर टिकणारे नेटवर्क एवढ्यावर ती होऊ शकते. पण तयारी म्हणून आपल्याकडे जे चालते, ते बहुतेक ठिकाणी स्नेहसंमेलनाच्या तालमीसारखे असते. कोणी नऊवारी नेसायची, कोणी फेटा बांधायचा, कोणी इंग्रजीतली पाच वाक्ये पाठ म्हणायची, कोणी शेवटी आभार मानायचे, हे सगळे ठरते. चित्राकडे कोणी किती वेळ पाहायचे हे ठरत नाही. माझे म्हणणे असे, की अशा कॉलसाठी मुलांना सादरीकरण शिकवू नये, पाहायला शिकवावे. आपल्या घरची वस्तू त्यांनी इतकी निरखावी की तिच्यातले आपल्यालाच न कळलेले काहीतरी हाती लागावे. कॅमेऱ्यापुढे काम करणारा हात ठेवावा. आणि पलीकडच्याच माणसाला विचारता येईल असा एक तरी प्रश्न घेऊन कॉलला बसावे. बाकीची सगळी तयारी याच्या मागून यावी.

भारत आणि जपान यांच्यातल्या चित्रकलेच्या व्यवहाराला शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत, आणि त्यात काय रुजले, काय नाही, हे तपासले तर या म्हणण्याला आधार मिळतो. जपानी विचारवंत ओकाकुरा काकुझो १९०२मध्ये कोलकात्यात आले, ठाकूर कुटुंबाशी त्यांचा स्नेह जुळला, आणि पुढच्याच वर्षी योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे दोन तरुण चित्रकार तेथे येऊन काही महिने राहिले. आशियाच्या एकत्वावर ओकाकुरांनी जे लिहिले ते इतिहासाच्या पुस्तकांत गेले. चित्रांत मात्र दुसरेच काही उतरले. ताइकान काम करताना रुंद कुंचल्याने कागद पाण्याने ओलसर करून घेत असत, हे चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर शेजारी बसून पाहत होते. त्यांनी त्यावर स्वतःचा विचार केला आणि रंगवलेला कागद सबंधच पाण्यात बुडवून काढायला सुरुवात केली. रंग धुतला जाई, उरलेला कागदात मुरे, पुन्हा रंग, पुन्हा पाणी. बंगाल शैलीचे धूसर, धुक्यातून पाहिल्यासारखे वॉश चित्रण या सवयीतून वाढले. म्हणजे एका माणसाने दुसऱ्याचा हात पाहिला, एक क्रिया उचलली आणि ती थोडी चुकीची, थोडी आपल्या पद्धतीने केली. व्याख्यान ऐकून हे होत नाही, आणि पूर्ण झालेले चित्र भिंतीवर पाहूनही होत नाही. कारण कागद कधी ओला होता हे पूर्ण चित्र सांगत नाही.

याच प्रसंगाची दुसरी बाजू शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावी. कोलकात्यात जी पद्धत ‘जपानी’ म्हणून स्वीकारली गेली, ती खुद्द जपानमध्ये वादग्रस्त होती. ताइकान आणि शुन्सो यांनी चित्रातली ठाशीव बाह्यरेषा सोडून धूसर रंगांवर भर दिला, तेव्हा तिथल्या टीकाकारांनी त्यांच्या शैलीला ‘मोरोताई’, म्हणजे अस्पष्ट, धूसर शैली, असे हिणवून नाव ठेवले होते. जपानची परंपरा असा एखादा बांधीव गठ्ठा जहाजातून कोलकात्यात उतरला नव्हता; स्वतःच्या परंपरेशी झगडणारी दोन माणसे उतरली होती. आज आपला सातवीचा वर्ग ‘महाराष्ट्राची संस्कृती’ दाखवायला बसतो आणि समोरचा ‘जपानची संस्कृती’ दाखवायला, तेव्हा दोन्हीकडच्या मुलांच्या खांद्यांवर आपण असे गठ्ठे देतो जे त्यांच्या वयाच्या कोणी कधी वाहिलेलेच नसतात. बारा वर्षांचे मूल देशाचा प्रतिनिधी नसते. ते आपल्या गल्लीचे, आपल्या आजीच्या रांगोळीचे, आपल्या शाळेच्या भिंतीचे प्रतिनिधी फार चांगले होऊ शकते, आणि तेवढे पुरेसे आहे.

पाहणे म्हणजे नेमके किती पाहणे, याचा नमुना आपल्या दाराशीच आहे. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला सुरुवात केली आणि हे काम वर्षानुवर्षे चालले. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसच्या १८६६च्या आगीत गेल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच १८८५मध्ये लंडनमधल्याच दुसऱ्या आगीत गेल्या. पुढे १९१६मध्ये आराई काम्पो हे जपानी चित्रकार रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून कोलकात्यात आले, त्यांनी तिथे तरुण चित्रकारांना शिकवले, आणि नंतर तेही अजिंठ्याला प्रतिकृती करायला गेले. ज्या प्रतिकृती जळल्या त्यांची हळहळ वाटतेच. पण लेण्यातल्या अंधारात एका बोटाच्या वळणापाशी तासन्‌तास बसलेल्या विद्यार्थ्याची नजर कोणत्याही आगीत जात नाही. पेस्तनजी बोमनजी हे ग्रिफिथ्स यांच्या तुकडीतले एक विद्यार्थी. पुढे ते नामवंत चित्रकार झाले. प्रतिकृती करणे हे आज आपल्याला नक्कल वाटते, म्हणून शाळांतून ते हद्दपार झाले आहे. मला तो निर्णय घाईचा वाटतो. पलीकडच्या वर्गाने पाठवलेल्या एका चित्राची मन लावून केलेली प्रतिकृती ही कॉलची सर्वांत चांगली पूर्वतयारी आहे. ती करताना मुलाला आपोआप कळते की आपल्याला काय कळलेले नाही: ही रेघ वरून खाली आली की खालून वर गेली, इथे कुंचला उचलला होता का, हा फिका भाग पाण्याने झाला की कमी दाबाने. हे खरे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे फक्त त्या वर्गाकडे आहेत.

वारली चित्रांचा जगभरचा प्रवासही बारकाईने पाहिला तर हेच सांगतो. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना पुपुल जयकर यांनी १९६६-६७च्या दुष्काळात बिहारमध्ये मिथिलेला पाठवले होते. घरांच्या भिंतींवर चित्रे काढणाऱ्या तिथल्या स्त्रियांना त्यांनी कागद दिला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तेच कुलकर्णी डहाणू भागातल्या वारली पाड्यांवर पोचले. तिथे लग्नाचा चौक, म्हणजे विधीसाठी भिंतीवर काढायचे चित्र, सवाशिणींनी लिहायचा अशी रीत होती, आणि जिव्या सोमा म्हसे हा एक पुरुष लग्नाशिवायही, रोजच, हाताला येईल त्यावर चित्रे काढत होता. म्हसे यांची चित्रे पुढे जगभर गेली, २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८मध्ये ते गेले. जपानच्या निइगाता प्रांतात तोकामाची इथे तोकिओ हासेगावा यांनी १९८२मध्ये सुरू केलेले मिथिला संग्रहालय आहे. भारतातल्या मिथिला आणि वारली कलाकारांनी तिथे मुक्काम करून चित्रे काढली; म्हसे त्यांतले एक. डहाणूकडच्या गंजाड गावाहून बर्फाळ डोंगरात आलेला माणूस तिथे बसून काम करतो आणि तिथली माणसे ते होताना पाहतात, हे त्या संग्रहालयाचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे अंग आहे. २००३मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला म्हसे आणि ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांचे एकत्र प्रदर्शन झाले. त्याआधी लाँग म्हसे यांच्या मुलखात येऊन तिथल्या मातीत काम करून गेले होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. माती, हात आणि वेळ या तीन गोष्टी दोघांकडे होत्या. व्हिडिओ कॉल यातली माती पोचवू शकत नाही. हात आणि थोडा वेळ मात्र तो पोचवू शकतो, आणि आपण नेमक्या याच दोन गोष्टी कार्यक्रमाच्या यादीतून वगळतो.

आता वर्गातल्या कामाकडे येऊ. पालघर जिल्ह्यातली एक शाळा आणि जपानमधली एक प्राथमिक शाळा यांचा कॉल ठरला आहे असे धरू. जपानमध्ये तिसरीपासून कुंचल्याने अक्षरे लिहायला शिकवतात, तेव्हा तिकडची मुले शाई, कागद आणि कुंचला घेऊन बसणार आहेत. इकडे गेरूने रंगवलेला कागद, तांदळाचे पीठ आणि टोकाला चावून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी आहे. कॉलच्या तीन आठवडे आधी सुरुवात करावी, आणि ती सुरुवात बोलण्याने करावी. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवावे; एकाच्या हातात एखादी वस्तू, समजा तारपा हे वाद्य, दुसऱ्याच्या हातात कागद-पेन्सिल. पहिल्याने नाव न घेता वर्णन करायचे, दुसऱ्याने ऐकून काढायचे. पहिल्याच फेरीत गंमत होते. ‘मोठा आहे, गोल आहे, खाली निमुळता आहे’ यावरून भोपळा निघतो, मुळा निघतो, तारपा निघत नाही. मग मुले स्वतःच शब्द शोधू लागतात: वाळलेल्या दुधीचे पोट, त्यात खोचलेल्या दोन बांबूच्या नळ्या, पुढे कर्ण्यासारखे उघडलेले ताडाचे पान. ज्या वस्तूच्या तालावर आपण लहानपणापासून नाचलो, तिला नळ्या दोन आहेत हे तोंडाने म्हणण्याची वेळच कधी आली नव्हती, हे त्यांच्या लक्षात येते. आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे स्मरणचित्राचा सराव दांडगा असतो. त्या सरावाने हात तयार होतो हे मान्य. पण ‘जत्रा’, ‘बाजार’, ‘विहिरीवरच्या बायका’ हे विषय पाठ झालेल्या आकारांनी भरून टाकायची सवयही त्यातूनच लागते, आणि वारली चित्रातली दोन त्रिकोणांची माणसे त्या सवयीला फार लवकर बळी पडतात.

दुसरा सराव चित्र वाचण्याचा. अमेरिकेत अबिगेल हाउसन आणि फिलिप येनावाइन यांनी संग्रहालयांसाठी घडवलेली एक पद्धत आहे. चित्रापुढे बसवून तीनच प्रश्न विचारायचे: या चित्रात काय चालले आहे, असे तुला कशावरून वाटले, आणि आणखी काय दिसते. मधला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तो मुलाला मताकडून पुराव्याकडे, ‘छान आहे’कडून ‘या कोपऱ्यातली रेघ जाड आहे’कडे आणतो. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे हे केले तर कॉलच्या दिवशी मुले ‘व्हेरी नाइस’ म्हणून थांबत नाहीत. याच काळात जपानबद्दल आपल्याला काय माहीत आहे असे वाटते, तेही एका कागदावर लिहवून घ्यावे. त्यात नोबिता आणि डोरेमॉन असणार, ‘तोत्तोचान’ वाचले असेल तर रेल्वेच्या डब्यांची शाळा असणार. ती शाळा १९४५च्या बाँबहल्ल्यात जळून गेली हे बऱ्याच मुलांना पुस्तकामुळे ठाऊक असते, तरी आजची जपानी शाळा म्हणून डोळ्यांपुढे तीच उभी राहते. हे समज पुसायची घाई नको. ते कागदावर असले म्हणजे कॉलनंतर मुलांना ते स्वतःच तपासता येतात.

कॅमेऱ्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथल्या बारीकसारीक गोष्टीच शेवटी चित्र घडवतात किंवा बिघडवतात. फोनचा कॅमेरा समोरच्या दृश्याचा उजेड स्वतःच ठरवतो. सगळा कागद गडद गेरूचा असला की तो चौकट उजळवतो आणि वाळलेली पांढरी रेघ फुटून जाते. पांढऱ्या कागदावर शाईचे काम असले की तो चौकट काळवंडतो. रंगाचेही तसेच: तांबूस रंग फार झाला की कॅमेरा तो ‘दुरुस्त’ करायला जातो आणि गेरू करडा पडतो. उपाय साधा आहे. फोन स्टुलावर किंवा पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडवा ठेवून कॅमेरा सरळ खाली, कागदाकडे वळवावा, चौकटीच्या कडेला कोऱ्या पांढऱ्या कागदाचा तुकडा राहू द्यावा, आणि आपल्या अॅपमध्ये पडद्यावर बोट दाबून धरल्यावर उजेड कायम राहत असेल, तर तसा तो ठेवावा. चित्राशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे. आकाराचा अंदाज पडद्यावर अजिबात येत नाही. पुढच्या कॅमेऱ्यात मुलांना आपलेच दृश्य आरशातल्यासारखे उलटे दिसते, त्यामुळे फलकावरची अक्षरे उलटी दिसून ती गोंधळतात आणि फलक फिरवायला जातात. पलीकडे अक्षरे सुलटीच दिसत आहेत हे आधी सांगून, एकदा दुसऱ्या फोनवर दाखवून ठेवावे. तारप्याचा अखंड सूर ही अॅपच्या दृष्टीने पंख्याच्या घरघरीसारखी गोष्ट ठरू शकते. आवाज गाळण्याची सोय बंद केली नाही तर वादक गाल फुगवून वाजवत राहील आणि पलीकडे शांतता असेल. वेळेचा हिशेबही आताच करावा. जपानचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. आपले सकाळचे दहा वाजतात तेव्हा त्यांचे जेवण उरकून दुपारचे दीड वाजलेले असतात. त्यांचे शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि जुलैच्या अखेरीपासून उन्हाळी सुटी असते, तेव्हा आपल्या जूनच्या गडबडीनंतर हाती लागणारा काळ थोडाच असतो.

या सगळ्यावर पहिला आक्षेप अनुभवी शिक्षकच घेतील, आणि तो वजनदार आहे. पाठ करून घेतले नाही तर मुले गप्प बसतात. परक्या माणसांपुढे, इंग्रजीच्या धास्तीने, त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि मग ती घरी जाताना अपमान घेऊन जातात. पाठांतर हा त्यांच्यासाठी आधार आहे. हे खरे आहे, म्हणूनच मी आधार काढून घ्या असे म्हणत नाही, तो बदला असे म्हणतो. पाठ केलेल्या भाषणाचा आधार एका वाक्यात तुटतो, कारण पलीकडून अनपेक्षित प्रश्न आला की पुढचे वाक्य कामाला येत नाही. हाताला काम असलेल्या मुलाचा आधार तुटत नाही. ते काडी पिठात बुडवते, रेघ ओढते, आणि शांतता पसरली तरी त्या शांततेत काहीतरी घडत असते. पंधरा मिनिटे कोणी एक शब्द बोलले नाही आणि दोन्ही वर्ग एकमेकांचे हात पाहत राहिले, तर असा कॉल फसला असे मी मानणार नाही. पहिली ओळख आणि नमस्कार जरूर पाठ करून घ्या, जपानीतूनही शिकवा. त्यापुढचे पाठ करून घेऊ नका.

भाषेचा आक्षेप याला लागूनच येतो. दोन्हीकडे इंग्रजी कच्चे, मग संवाद होणार कसा? दुभाषा मिळाला तर उत्तमच. पुण्यात जपानी शिकण्याची जुनी परंपरा आहे आणि आनंदाने मदत करतील अशी माणसे शोधली तर सापडतात. पण भाषा ही फक्त अडचण मानणे मला पटत नाही, ती या देवाणघेवाणीचा कच्चा माल आहे. वारली समाजात चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. मिथिलेतही भिंतीवरच्या चित्राला ‘लिखिया’ म्हणतात. आणि जपानीत लिहिणे आणि चित्र काढणे या दोन क्रियापदांचा उच्चार एकच आहे, ‘काकु’. लिपीतली चिन्हे वेगळी, तोंडातला आवाज तोच. शहरातल्या मराठी मुलाला ‘चौक लिहिला’ हे चुकीचे मराठी वाटते, पालघरच्या मुलाला ते आपले गावंढळ बोलणे वाटते आणि ते मूल हा शब्द शिक्षकांपुढे लपवते. कुंचल्याने अक्षर लिहिणाऱ्या जपानी मुलीपुढे तोच शब्द ठेवला की तो लपवण्यासारखा राहत नाही. त्या एका शब्दावर दोन वर्ग अर्धा तास घालवू शकतात, आणि त्यासाठी इंग्रजीची चार वाक्ये पुरतात.

सर्वांत अवघड प्रश्न निराळाच आहे: हे चित्र कोणाचे? पुणे, नागपूर, सोलापूर इथल्या शाळा परदेशी वर्गासाठी सर्रास वारली चित्रे निवडतात, कारण ती सोपी दिसतात आणि जगाला माहीत आहेत. वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, पण कायद्याच्या आधी सभ्यतेचा प्रश्न येतो. लग्नाच्या चौकात पालघाट देवी असते, सवाशिणी तो लिहितात, विधी चालवणारी धवलेरी गाणी म्हणते; त्या विधीतून उचलून तो चौक कॅमेऱ्यापुढे ‘डिझाइन’ म्हणून काढायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या घरी तो लिहिला जातो त्यांचा आहे. कोणी म्हणेल, कला सगळ्यांची असते, कुंपणे घातली तर ती मरेल. म्हसे यांनी स्वतः स्त्रियांची, विधीची रीत ओलांडली, तेव्हाच ही चित्रे जिवंत राहिली, असेही कोणी दाखवून देईल. मान्य. पण म्हसे त्या घरातले होते आणि ओलांडताना आपण काय ओलांडतो हे जाणत होते. आपल्या मुलांना ते जाणता यावे एवढेच मागणे आहे. वारली घरातले मूल वर्गात असेल तर काय दाखवायचे ते त्याने आजीला, आईला विचारून यावे, आणि ‘हे दाखवायचे नाही’ असे उत्तर आले तर कॉलवर तेच सांगावे. दाखवायचे नाही असेही काही असते, हे कळणे जपानी मुलांनाही मोलाचे वाटेल. सोलापूरच्या वर्गाने मात्र आपल्या चादरीची वीण उलगडून दाखवावी, कोकणातल्या वर्गाने दारातली रांगोळी. उसने घेतलेल्या वस्तूबद्दल मुलांना दोनच प्रश्नांत गप्प व्हावे लागते. घरच्या वस्तूबद्दल त्यांना उत्तर येत नसले तरी ते कोणाला विचारायचे हे माहीत असते.

वेळ आणि गुण यांचे आक्षेप मी थोडक्यात आटोपतो. आठवड्याला चित्रकलेचे एक-दोन तास, त्यातलेही कधी गणिताला जातात, हे प्रत्येक कला शिक्षकाचे दुखणे आहे आणि ही पुस्तिका ते बरे करू शकत नाही. तीन आठवड्यांची तयारी म्हणजे फार तर सहा तास. वर्षाकाठी एकच कॉल करावा, पण तो असा करावा. ‘प्रत्यक्ष भेटीची सर याला येणार नाही’ हा आक्षेप तर मला मान्यच आहे. जपानमध्ये ‘आर्ट माईल’ या उपक्रमात दोन देशांतले वर्ग काही महिने ऑनलाइन बोलतात आणि मग एक शाळा एकच मोठे कापड अर्धे रंगवून टपालाने दुसऱ्या शाळेला पाठवते, उरलेले अर्धे ती दुसरी शाळा पूर्ण करते. ज्यांना जमेल त्यांनी कॉलच्या जोडीला असे काहीतरी हातात येणारे ठेवावे: चिमूटभर गेरू, एक काडी, शाईचा एक डाग पडलेला कागद. पडदा जे पोचवू शकत नाही ते पाकिटातून जाऊ द्यावे, आणि ते कॉलच्या आधी पोचेल असे पाहावे, म्हणजे पलीकडच्या मुलांना बोटांनी चाचपलेल्या वस्तूबद्दल विचारता येईल.

पुढच्या पानांत या तयारीचे टप्पे, सराव आणि वेळापत्रके दिली आहेत. त्यांतला शेवटचा टप्पा गाळू नये अशी विनंती आहे. कॉल संपवण्याआधी दहा मिनिटे दोन्हीकडच्या मुलांनी काम थांबवायचे, कॅमेरा कागदावर तसाच ठेवायचा आणि फक्त पाहायचे. इकडे पिठाची रेघ वाळताना उजळत जाते. तिकडे शाई ओली असताना काळीभोर, चमकदार असते आणि वाळताना फिकी, मऊ होत जाते. दोन रेघा उलट दिशांनी बदलत असतात. त्या दहा मिनिटांत ज्याला जे दिसेल ते त्याने वहीत आपल्या भाषेत लिहायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्या वह्यांचे फोटो एकमेकांना पाठवायचे.